ईएसजीचा कोर्स, संस्थेतली नोकरी की पऱ्हाटीचा कारखाना?

पत्र (थोडक्यात): मी २९ वर्षांचा, बी. ई. मेकॅनिकल. चाकणजवळ नट-बोल्ट बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं मेंटेनन्सला आहे. हातात ६२ हजार येतात, त्यातले २१ हजार घराच्या हप्त्याला जातात. पत्नी खासगी शाळेत शिकवते. आमचा माल वाहन कंपन्यांना जातो, थोडा युरोपलाही. मशीन बंद पडली की पळा, यापलीकडे काहीतरी करावं, समाजाला आणि पर्यावरणाला उपयोगी पडेल अशा कामात जावं, असं दोन वर्षं डोक्यात आहे. एक, २ लाख ८० हजारांचा ऑनलाइन ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) कोर्स आहे. दोन, नोकरी सोडून एखाद्या स्वयंसेवी संस्थेत जाता येईल. तीन, यवतमाळकडचा माझा मित्र पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या काड्यांपासून) ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या दाबून केलेल्या कांड्या, करण्याचा कारखाना काढतोय आणि १२ लाख घालून भागीदार हो म्हणतोय. काय करू?

उत्तर:

तुम्ही पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे आणि सगळ्यात मोलाची तीच आहे: माल थोडा युरोपलाही जातो.

युरोपीय संघाने आयात मालावर कार्बनचं शुल्क लावायला सुरुवात केली आहे. सीबीएएम (कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम) म्हणतात त्याला. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजण्याचा टप्पा सुरू झाला. यादीत सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन आहेत, आणि पोलादाच्या खात्यात नट, बोल्ट, स्क्रूही धरले आहेत. पैसे तिकडचा आयातदार भरतो, पण आकडे तो तुमच्या कंपनीकडे मागतो. इकडून खरे, पडताळलेले आकडे गेले नाहीत तर त्याला ठरवून दिलेले आकडे वापरावे लागतात आणि ते चढे असतात. तेव्हा तुमच्या कंपनीत आज कुणीतरी, बहुधा एक्स्पोर्ट विभागातला ज्याने फर्नेस जवळून पाहिलेली नाही असा कुणीतरी, ती एक्सेल शीट घेऊन डोकं धरून बसलेला असणार. सोमवारी त्याला गाठा.

तिन्ही वाटा तूर्त बाजूला ठेवा आणि पुढचे सहा महिने आहात तिथेच काम करा, असं आमचं सांगणं आहे. या क्षेत्रात संक्षेप पाठ असलेली माणसं रग्गड झाली आहेत. मीटर कुठे बसवायचा, आकडा का चुकला आणि तो कमी कसा करायचा, हे कळणारी माणसं मिळत नाहीत. तुम्ही दुसऱ्या गटाच्या दारात उभे आहात आणि पैसे भरून पहिल्या गटात जायला निघाला आहात.

एका महिन्याचा हिशेब करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. महावितरणच्या बिलात १,८०,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा गुणक जाहीर करतं. गेल्या काही वर्षांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ०.७२ धरला तर झाले १३० टन. जनरेटर आणि फोर्कलिफ्ट मिळून ३,००० लिटर डिझेल; लिटरला २.६८ किलो, म्हणजे ८ टन. हीट ट्रीटमेंटच्या फर्नेसला २५,००० घनमीटर पाइप गॅस. घनमीटरला २ किलोच्या आतबाहेर, म्हणजे ५० टन. इथवर १८८ टन झाले आणि बहुतेक कारखाने इथेच थांबतात. आता स्टोअरमध्ये जाऊन महिन्याला किती वायर रॉड (बोल्टचा कच्चा माल, पोलादी तारेची वेटोळी) आला ते विचारा. ४०० टन आला असेल, तर भारतातल्या पोलादाची सरासरी टनाला अडीच टनांच्या आसपास असल्याने एकट्या वायर रॉडचे १,००० टन झाले. छतावर सोलर लावून, दिवे बदलून जे वाचेल ते उरलेल्या १८८ टनांतलं.

सीबीएएममध्ये तर आणखी एक मेख आहे. लोखंड-पोलादाच्या मालासाठी सध्या थेट उत्सर्जनच मोजलं जातं, विजेचं अप्रत्यक्ष उत्सर्जन पैशाच्या हिशेबात धरलं जात नाही. कच्च्या मालाचं उत्सर्जन मात्र धरलं जातं. याचा अर्थ असा की युरोपच्या ग्राहकासाठी तुमच्या सोलरचा आकड्यावर जवळपास परिणाम शून्य. कोणत्या पोलाद गिरणीचा वायर रॉड घेता, तो झोतभट्टीतल्या लोखंडाचा आहे की भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेला, यावर सगळं ठरतं. दोन्हींत अर्ध्याहून जास्त फरक पडू शकतो. मग प्रश्न येतो की भट्टी बदलली तर कोल्ड फोर्जिंगला (न तापवता ठोकून आकार द्यायला) रॉड चालतो का, तांब्यासारख्या भेसळ मूलद्रव्यांमुळे बोल्टचं डोकं फुटतं का, थ्रेड रोलिंगला (आटे पाडायला) त्रास होतो का. हा प्रश्न ज्याला पडतो आणि जो क्वालिटीवाल्यांसोबत बसून त्याची चाचणी लावतो, त्याला या क्षेत्रात काम मागावं लागत नाही. कुठलाही ऑनलाइन कोर्स हा प्रश्न शिकवत नाही.

आता काम प्रत्यक्ष सुरू कसं करायचं. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, गॅसबिलं, डिझेलची नोंदवही, वायर रॉडच्या खरेदीच्या पावत्या आणि गिरणीची टेस्ट सर्टिफिकेटं एका जागी आणा. इथेच पहिला घोळ होतो. वीजबिलाचा महिना आणि उत्पादनाचा महिना जुळत नाही. बिल मीटर वाचल्याच्या तारखेचं असतं, उत्पादन कॅलेंडरप्रमाणे. डिझेलची नोंद खरेदीची असते, वापराची नसते; टाकीतला शिल्लक साठा कुणी मोजलेला नसतो. बारा महिन्यांची बेरीज घेतली की या चुका बऱ्याच विरतात, म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर कुणाला काही सांगू नका. दुसरा घोळ युनिटचा. गॅसचं बिल कधी घनमीटरमध्ये, कधी उष्णतेच्या एककात येतं, आणि गुणक भलत्याच एककाचा लावला की आकडा दहापट चुकतो. टनामागे उत्सर्जन काढताना भागाकार तयार मालाच्या वजनाने करायचा, उत्पादनातल्या स्क्रॅपसकट नाही. तिसरा घोळ जॉबवर्कचा: प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेत असाल तर ती ऊर्जा तुमच्या बिलात नाही, पण तुमच्या बोल्टात आहे.

मोजणं झालं की एक गोष्ट कमी करून दाखवा. तुमच्या हातातली सगळ्यात सोपी जागा म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर, यंत्रांना लागणारी दाबलेली हवा. रविवारी सगळी मशीनं बंद असताना एक कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरत) चालतो ते घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्या मोजा. दीड मिनिट लोड, साडेचार मिनिटं अनलोड असं येत असेल, तर गळती २५ टक्के. ५५ किलोवॅटच्या यंत्रात वर्षाला ६,००० तास धरले तर ही गळती ८२,५०० युनिटांची आहे. ९ रुपयांनी सव्वासात लाखांच्या वर, आणि अनलोडमध्ये जाळलेली वीज वेगळी. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साडेतीन-चार किलोवॅट खातं. गळती बहुतेक वेळा मोठ्या पाइपात सापडत नाही. क्विक कपलर, एफआरएल (हवेचं फिल्टर-रेग्युलेटर) युनिट, जुने पीयू ट्यूब आणि ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह हेच चोर असतात. गळती दहा टक्क्यांवर आणा, मग प्रेशर अर्धा-एक बार खाली घ्या (एक बारला सहा-सात टक्के वीज वाचते), आणि तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करा. पुन्हा करणं महत्त्वाचं, कारण गळती परत येते. एकदाच बुजवून फोटो काढणारे खूप आहेत.

यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या, निदान ईमेल तरी. कंपनीची बिलं पेनड्राइव्हवर घालून घरी नेऊ नका. पुढे मुलाखतीत दाखवायचं असेल तर टक्केवारी आणि पद्धत सांगा, ग्राहकांची नावं आणि मूळ आकडे सांगू नका. ‘माझ्या जुन्या कंपनीचा डेटा दाखवतो’ म्हणणारा उमेदवार आपलाही डेटा असाच दाखवेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

कोर्सबद्दल. २ लाख ८० हजार ठेवा खिशात. त्याऐवजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, म्हणजे बीईईची, एनर्जी मॅनेजर-एनर्जी ऑडिटर परीक्षा द्या. अभियांत्रिकी पदवी आणि ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो; मेंटेनन्सची तुमची सहा वर्षं त्यात बसतात. मॅनेजरसाठी तीन पेपर, ऑडिटरसाठी चौथा. दुसरा पेपर बॉयलर, फर्नेस, वाफ यांचा आणि तिसरा मोटर, कॉम्प्रेसर, पंप, पंखे यांचा, म्हणजे निम्मा अभ्यास तुमचा रोज होतोच. पहिल्या पेपरातला कायदा आणि आर्थिक गणितं मात्र हलक्यात घेऊ नका. ही परीक्षा नुसती शोभेची नाही: २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ठरावीक मोठ्या ग्राहकांना एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये देशी कार्बन बाजाराची योजना अधिसूचित झाल्यापासून मोजणी-पडताळणीच्या कामाची मागणी वाढते आहे. जोडीला हरितगृह वायू मोजण्याची दोन मानकं, आयएसओ १४०६४ चा पहिला भाग आणि जीएचजी प्रोटोकॉलचं कॉर्पोरेट मानक, नीट वाचा. प्रोटोकॉल फुकट मिळतो. स्कोप एक (स्वतः जाळलेलं इंधन), दोन (विकत घेतलेली वीज), तीन (पुरवठा साखळीतलं बाकीचं) तिथेच आहेत, आणि तिसऱ्याचे पंधरा प्रकार त्याच प्रोटोकॉलच्या स्कोप तीनच्या वेगळ्या मानकात. तेच लाखभर रुपयांत शिकवलं जातं.

कोर्सचा उपयोग कुणाला होतो? ज्याला ओळखी हव्या आहेत, किंवा जो वाणिज्य-कायदा शाखेतून येऊन अहवालाच्या बाजूला जाणार आहे त्याला. तुम्हाला तसं जायचं असेल तर बीआरएसआर, म्हणजे कंपन्यांचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, कळायला हवं. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून हा अहवाल सक्तीचा केला. त्यातल्या निवडक आकड्यांची, म्हणजे ‘कोअर’ची, बाहेरच्या तज्ज्ञाकडून पडताळणी टप्प्याटप्प्याने येते आहे: २०२३-२४ ला पहिल्या १५०, मग २५०, ५००, आणि २०२६-२७ ला १,०००. तुम्ही ज्या वाहन कंपन्यांना माल देता त्यांतल्या शेअर बाजारात नोंदणीकृत मोठ्या कंपन्या या यादीत असणारच, आणि त्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवायला लागल्या आहेत. एक करा: तुमच्या मोठ्या ग्राहकाचा मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल उतरवून त्यातलं बीआरएसआर उघडा आणि सहाव्या तत्त्वाखालचा ऊर्जा, पाणी, कचऱ्याचा तक्ता मागच्या वर्षाशी ताडून पाहा. एखादा आकडा अचानक निम्मा झालेला दिसला की तळटीप शोधा. बऱ्याचदा कारखाना सुधारलेला नसतो, मोजण्याची हद्द बदललेली असते. हे ओळखता येणं म्हणजे अर्धी नोकरी.

या कामात एक दिवस असा येतो की कुणीतरी ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणतं. प्लास्टिकच्या ईपीआरमध्ये (उत्पादकाने आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी घेण्याच्या नियमात) प्रत्यक्षात न झालेल्या पुनर्चक्रीकरणाची लाखो प्रमाणपत्रं विकली गेल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत निघालं होतं. सही कुणाची आहे हे शेवटी पाहिलं जातं. आकड्यासोबत मूळ कागद जोडायची सवय आधीपासून लावा: कोणतं बिल, कोणता गुणक, कुठल्या वर्षाचा. मंडळाच्या कामाशीही ओळख करून घ्या. तुमच्या कंपनीत पिकलिंग-फॉस्फेटिंग (पोलाद आम्लात धुऊन त्यावर थर चढवणं) असेल, तर ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याची वाहतूक फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर होते आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत जातं. हे कागद एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढा. कचऱ्याचा निर्माण झालेला आणि पाठवलेला आकडा जुळत नसेल तर त्याचं कारण शोधा. पर्यावरण विभागातली बरीच माणसं हे न वाचताच सही घेतात.

आता संस्थेत जाण्याबद्दल. तुमची इच्छा खरी आहे, शंका नाही. पण पैसा कुठून येतो हे आधी समजून घ्या, नाहीतर वर्षभरात कडवटपणा येतो. आज संस्थांच्या कामाचा मोठा हिस्सा कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीवर, चालतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं: ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम ठरावीक सामाजिक कामांवर खर्च करायची. स्वतःच्या विभागाच्या कारभारावर त्या खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त दाखवता येत नाही, म्हणून कंपन्यांचे सीएसआर विभाग चिमुकले असतात आणि तिथल्या जागा मोजक्या. पैसा संस्थांकडे जातो तो प्रकल्पाच्या नावाने. प्रकल्प एक ते तीन वर्षांचा. तुमचा पगारही त्या प्रकल्पाच्याच ओळीत लिहिलेला असतो.

म्हणून मुलाखतीला संस्थेने तुम्हाला विचारायच्या आधी तुम्ही विचारा: माझा पगार कोणत्या प्रकल्पातून, तो कधी संपतो, पुढच्या वर्षीचं बोलणं कुठवर आलंय, भविष्य निर्वाह निधी कापता का, आणि या जागेवर आधी कोण होतं, ते का गेले. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. चांगली संस्था ते संकेतस्थळावरच ठेवते. जी कुरकुर करते तिथे जाऊ नका. प्राप्तिकर खात्याकडची धर्मादाय संस्थेची नोंदणी (जुन्या कायद्यातली १२ ए, ८० जी) आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी आहे का पाहा. शिवाय एक प्रश्न: मागच्या प्रकल्पातली वस्तू आज चालू आहे का, ते दाखवाल का? ‘५०० घरांना सौरदिवे’ हा आकडा वाटपाचा झाला. दोन वर्षांनी त्यातले किती पेटतात, बॅटरी कुणी बदलली आणि पैसे कुणी दिले, हा तुमच्या मेंटेनन्सच्या नजरेला सहज पडणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं.

वेळेचं गणितही निराळं असतं. मंजुरी वर्षअखेरीला, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, मग पावसाळ्याआधी बंधारा उभा करायचा असतो. काँक्रीटला मे महिन्यात पाणी मारायलाच पाणी नसतं; टँकरचा खर्च अंदाजपत्रकात नसतो; क्युरिंग अर्धवट राहतं आणि दुसऱ्या पावसात भिंत पाझरू लागते. दोष गवंड्याला लावला जातो. तो असतो निधीच्या वेळापत्रकात.

तुमच्यासारख्या माणसाची खरी गरज आमच्या मते स्वतःची कमाई असलेल्या संस्थांमध्ये आहे. पुण्यातली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पाहा. २००८ पासून ती महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करते आणि सभासदांची कमाई घरांकडून मिळणाऱ्या मासिक शुल्कातून आणि विकलेल्या भंगारातून होते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ शेतकऱ्यांच्या मालकीची. तिथे पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया लाइन आहेत. अशा ठिकाणी अमोनियाचा प्लांट रात्री दोनला बंद पडला तर द्राक्षाचं काय होतं, हे सांगायला समाजकार्याची पदवी लागत नाही. उलट लहान शेतकरी उत्पादक कंपन्यांची कहाणी पाहा. केंद्राच्या २०२० च्या योजनेत एका कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख मिळतात. त्यात सीईओचा पगार निघतो. चौथ्या वर्षी? अनुदानातून आलेली क्लीनिंग-ग्रेडिंगची यंत्रं बेअरिंग गेलं म्हणून सहा-सहा महिने ताडपत्रीखाली पडून असतात, कारण गावात दुरुस्ती येणारा माणूस नाही आणि पुण्याहून बोलवायला पैसे नाहीत. अशा आठ-दहा कंपन्यांची देखभाल वार्षिक करारावर करणं, हा तुमच्यासाठी संस्थेतल्या ‘प्रकल्प समन्वयक’ पदापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा धंदा होऊ शकतो. जमलं तर आधी दोन-तीन शनिवार-रविवार अशा एका कंपनीत फुकट जाऊन यंत्रांची यादी करून द्या. ‘बायफ’ किंवा ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) यांसारख्या पुण्यात मुख्यालय असलेल्या जुन्या संस्थांकडे तांत्रिक जागाही निघतात, त्यांवर लक्ष ठेवा.

पगार उतरणार हे धरून चाला. घरात बसून एकदा कागदावर मांडा: हप्ता २१ हजार, किराणा, गावाकडे पाठवता ते, विमा. दोघांच्या मिळकतीतून पत्नीचा पगार वेगळा ठेवून सहा महिने जगून पाहा, म्हणजे तुमच्या पगारात तेवढी कपात सोसेल का ते कळेल. निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. कंपनीचा आरोग्यविमा सुटतो त्या दिवसाआधी स्वतःची पॉलिसी हवी, कारण आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो.

शेवटी मित्राचा कारखाना. कल्पना वाईट नाही. गुलाबी बोंडअळी टाळण्यासाठी फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी शेतातून काढा, असं कृषी विभागच सांगतो, आणि आज ती बरीचशी धुऱ्यावर पेटते. पण आकडे तुम्हाला मांडता येतात, तेव्हा मांडून पाहू. तासाला एक टनाचं यंत्र, दिवसाला आठ तास, वर्षाला २८० दिवस: २,२४० टन. वाळवणं आणि गळती धरून २,५०० टन पऱ्हाटी हवी. कोरडवाहूत एकरी टनभर, हलक्या रानात त्याहून कमी. म्हणजे अडीच हजार एकर, पाचशेहून जास्त शेतकरी, आणि पऱ्हाटी निघते डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च एवढ्याच दिवसांत. सगळं वर्ष चालवायचा माल तीन महिन्यांत विकत घ्यायचा. उपटणी, कुट्टी, वाहतूक सगळं मिळून टनाला ३,००० पडले असं समजा, तर ७५ लाख रुपये कुट्टीच्या ढिगात अडकणार. तुमचे १२ लाख त्यात कुठे बसतात? यंत्राची किंमत तर अजून धरलीच नाही. कुट्टीचा घनमीटर दीडशे किलोच्या आसपास भरतो; त्यातले निदान १,५०० टन साठवायला चार मीटर उंचीचे ढीग करूनही अडीच हजार चौरस मीटर लागतात, आगीसाठी मोकळी जागा सोडली की जवळजवळ एकर, तीही जूनआधी छपराखाली. ओला ढीग आतून तापतो आणि पेटतो.

यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी बिघडतात. ओलावा १०-१२ टक्क्यांच्या वर गेला की डायमध्ये वाफ होऊन ब्रिकेट बाहेर पडता पडता फुटते. आणि चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला काळी माती असते; ती डाय आणि पंच भरमसाट झिजवते, शिवाय राख वाढते. ग्राहक गेटवर ओलावा आणि उष्मांक तपासून दर कापतो. मुळं छाटून आणायची तर मजुरी वाढते. मित्राच्या प्रकल्प अहवालात डाय बदलण्याचा खर्च किती धरलाय ते पाहा. यंत्र विकणाऱ्याने दिलेला अहवाल असेल तर तो हमखास कमी असतो. कार्बन क्रेडिटचं उत्पन्न धरलं असेल तर ती ओळ खोडा, एवढ्या लहान प्रकल्पाला नोंदणी-पडताळणीचा खर्चच झेपत नाही.

आणि ‘समाजोपयोगी’ म्हणता तर हेही विचारा की पऱ्हाटी आज कोण वापरतं. गावातल्या भूमिहीन बायकांचं ते वर्षाचं सरपण आहे. फुकट मिळणारी वस्तू विकाऊ झाली की पहिला फटका त्यांना. काही वाटा गावात सोडायचा, की मजुरीत त्यांना आधी घ्यायचं, हे कारखाना उभारायच्या आधी ठरलं पाहिजे. काही शेतकरी श्रेडर फिरवून तीच पऱ्हाटी रानात कुजवतात. जमिनीला ते जास्त चांगलं, आणि तुमचा माल तेवढा कमी.

तेव्हा यंदाची वेचणी संपली की मित्राला एक हंगाम नुसती कुट्टी करायला सांगा. ट्रॅक्टरचा श्रेडर भाड्याने, पन्नास एकर, आणि माल आसपासच्या चालू ब्रिकेटवाल्याला विकायचा. तुम्ही चार सुट्या काढून जा. प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर घाला, एकरी किती भरलं, टनामागे किती लिटर डिझेल आणि किती मजूर लागले ते लिहा. रोज शंभर ग्रॅमचा नमुना घेऊन १०५ अंशाला वजन थांबेपर्यंत वाळवा, ओलावा कळेल. विकल्यापासून पैसे खात्यात यायला किती दिवस लागले तेही लिहा, कारण उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे आणि तो किती पाळला जातो हे तिथेच दिसेल. मार्चअखेरीस हे आकडे घेऊन दोघं बसा. मित्र एवढंही करायला तयार नसेल, तर १२ लाख तुमच्या खात्यातच राहू द्या.